कुठल्या दिवशीची विक्रांत? अचूक मॉडेल करण्याआधीचा प्रश्न

डोंबिवलीच्या एका तरुण वाचकाने विचारलं आहे: "माझे मामा 1971 च्या युद्धात आयएनएस विक्रांतवर होते. त्यांना दाखवण्यासाठी मला विक्रांतचं अगदी अचूक मॉडेल करायचं आहे, डेकवर सी हॉक आणि अलिझे विमानांसकट. मी लहानपणी शाळेच्या सहलीत विक्रांत पाहिली होती, तेव्हाचे फोटो घरी आहेत. कोणतं स्केल घ्यावं, माहिती कुठून मिळवावी, मुंबईच्या हवेत रंगकाम कसं करावं? आणि पहिलंच मॉडेल म्हणून ही विक्रांत झेपेल का?"

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर शेवटीच देतो. आधी त्या सहलीच्या फोटोंबद्दल, कारण तुमच्या मॉडेलला सर्वात मोठा धोका तिथूनच आहे.

मुंबईतल्या एका अख्ख्या पिढीने विक्रांत पाहिली ती संग्रहालय म्हणून. 31 जानेवारी 1997 ला ती नौदलाच्या सेवेतून निवृत्त झाली, मग 2012 पर्यंत 'आयएमएस विक्रांत' या नावाने नेव्हल डॉकयार्डात लोकांना पाहायला मिळाली आणि शेवटी मुंबईच्या दारूखाना भागात तोडली गेली. आपल्या डोळ्यांपुढे येते ती ही विक्रांत: नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाकडे, डेक वर उचललेला, म्हणजे स्की-जंप असलेली. हा चढ 1980 च्या दशकाच्या अखेरच्या मोठ्या दुरुस्तीत बसवला गेला, सी हॅरियर या जेट विमानांसाठी. तुमचे मामा जिच्यावर होते त्या विक्रांतचा डेक नाळेपर्यंत सरळ सपाट होता आणि त्यात स्टीम कॅटापल्टची, म्हणजे वाफेच्या जोरावर विमान पुढे फेकणाऱ्या यंत्राची, लांब खाच होती. मी आजवर '1971 ची विक्रांत' म्हणून मांडलेली जितकी मॉडेल्स पाहिली, त्यांतल्या बऱ्याचशांवर स्की-जंपही होती आणि तिच्या पायथ्याशी सी हॉकही उभं होतं. असं दृश्य समुद्रावर कधीच दिसलेलं नाही. सी हॉक कॅटापल्टने उडायचं, आणि स्की-जंप आली तेव्हा कॅटापल्ट निघालेली होती.

म्हणून किट, रंग, हत्यारं यांच्या आधी एक गोष्ट ठरवा: तुम्ही कुठल्या दिवशीची विक्रांत करताय? वर्ष पुरत नाही, दिवस ठरवा. जहाज हे पन्नास वर्षं बदलत राहणारं काम असतं. दर दुरुस्तीत काहीतरी चढतं, काहीतरी उतरतं. मॉडेल मात्र एकाच दिवसाचं असतं. एकदा दिवस ठरला की शंभर प्रश्न आपोआप सुटतात, आणि न ठरवता सुरुवात केली तर प्रत्येक तुकडा वेगळ्या सालातला येऊन बसतो.

तुमच्यासाठी दिवस शोधायला लांब जायला नको. 4 डिसेंबर 1971 ला सकाळी विक्रांतवरच्या सी हॉकनी कॉक्स बाजारवर हल्ला केला आणि त्याच दिवशी पुढे चितगाववर. तो दिवस घ्या.

आता त्या दिवसाकडे जहाज कसं पोहोचलं ते पाहू, कारण नकाशे वाचताना हे लागणार आहे. हे जहाज मुळात ब्रिटिश नौदलाचं 'हर्क्युलिस', मॅजेस्टिक वर्गातलं. 1943 मध्ये टाइन नदीवर बांधायला घेतलं, 22 सप्टेंबर 1945 ला पाण्यात सोडलं, आणि युद्ध संपल्यामुळे 1946 मध्ये काम थांबलं. 1957 मध्ये भारताने ते विकत घेतलं, बेलफास्टला हारलँड अँड वुल्फच्या गोदीत पुरं करून घेतलं, आणि 4 मार्च 1961 ला तिथेच ते 'विक्रांत' म्हणून नौदलात दाखल झालं. त्या वर्षी 3 नोव्हेंबरला ते मुंबईत आलं. मधल्या काळात विमानवाहू जहाजांचं तंत्र बदललं होतं, म्हणून बेलफास्टला त्याला तिरपा डेक, स्टीम कॅटापल्ट आणि मिरर लँडिंग साइट, म्हणजे उतरणाऱ्या वैमानिकाला वाट दाखवणारा आरसा, मिळाली. थोडक्यात, 1945 च्या हर्क्युलिसचा नकाशा म्हणजे सरळ डेकच्या वेगळ्याच जहाजाचा नकाशा. डेकखालच्या हलसाठी, म्हणजे जहाजाच्या सांगाड्यासाठी, तो उत्तम, डेकच्या वरच्या भागासाठी निरुपयोगी.

दुसरा सापळा भावंडांचा. याच वर्गातली ऑस्ट्रेलियाची मेलबर्न आणि कॅनडाची बोनाव्हेंचर ही दोन्ही तिरप्या डेकची झाली. त्यांचे फोटो भरपूर, स्वच्छ आणि जवळून घेतलेले मिळतात, त्यामुळे मोह होतो. पण तिघींच्या डोलकाठ्या, रडार, आयलंडवरचे (डेकच्या एका बाजूला उभ्या मनोऱ्यावरचे) सज्जे वेगवेगळे आहेत. मेलबर्नवरून उचलायचं ते फक्त जे विक्रांतच्या धूसर फोटोतही ओळखू येतं तेवढंच. फोटो 'काहीतरी आहे' एवढंच सांगत असेल तर ते काय आहे हे भावंडाकडून शिकावं. फोटोत जागाच रिकामी दिसत असेल तर भावंडाचं ऐकू नये.

तिसरा सापळा नावांचा, आणि हा इंटरनेटमुळे फार बळावलाय. आजची विक्रांत, कोचीत बांधलेली, 2 सप्टेंबर 2022 ला दाखल झालेली, हिचा क्रमांकही आर 11 च आहे. नाव आणि क्रमांक टाकून शोधलंत तर दोन्ही जहाजांची खिचडी समोर येते. 'खुखरी'चं तेच. 9 डिसेंबर 1971 ला दीवजवळ बुडालेली, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला ज्या जहाजासोबत गेले ती फ्रिगेट ब्लॅकवुड वर्गातली होती, आणि 1989 मध्ये दाखल झालेली खुखरी हे पूर्ण वेगळं कॉर्व्हेट आहे. प्रत्येक फोटो साठवताना त्याच्या नावातच साल लिहा. साल माहीत नसलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि मोजमाप घेताना ते उघडू नका.

सालाचा अंदाज बांधायला खुणा आहेत. स्की-जंप दिसली की जहाज अखेरच्या वर्षांतलं. डेकवर सी हॅरियर दिसलं की 1983 ची अखेर किंवा नंतर. तोफा मोजा: सुरुवातीला 40 मिमीच्या सोळा बोफोर्स होत्या, पुढे त्या आठवर आल्या. 1979 ते 1982 च्या मोठ्या दुरुस्तीत बॉयलरपासून रडारपर्यंत बरंच बदललं, म्हणून आयलंडवरच्या रडारच्या आकृत्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोंत जुळत नाहीत. दोनशे फोटो अशा चाळणीतून गेले की हातात वीस-पंचवीस उरतात. तेवढे पुरतात.

ब्रिटिश नौदलाच्या जहाजांचे मूळ नकाशे ग्रीनिचच्या नॅशनल मेरिटाइम म्युझियमकडे सांभाळलेले आहेत आणि त्यांच्या प्रती पैसे भरून मिळतात. कोलोसस आणि मॅजेस्टिक हे दोन्ही वर्ग जवळचे नातलग आहेत, हल जवळजवळ एकच. तेव्हा कोलोसस वर्गाचं प्लास्टिक किट हाती आलं तर हल तयार मिळाला असं समजा आणि फ्लाइट डेकपासून वर सगळं स्वतः करा. पाण्याखालचा भागही दाखवणार असाल तर पंखे दोन, हे लक्षात ठेवा. पण 4 डिसेंबर दाखवायचा असेल तर पाण्याच्या रेषेपर्यंतचं मॉडेल करून ते समुद्रावर ठेवलेलं मला जास्त पटतं.

फोटोवरून माप काढणं हे या कामाचं खरं कसब आहे, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. फोटोत ज्याचं माप पक्कं माहीत आहे अशी वस्तू शोधायची, आणि ती हव्या असलेल्या वस्तूइतक्याच अंतरावर असली पाहिजे. विक्रांतच्या बाबतीत ही मोजपट्टी डेकवरच उभी असते: सी हॉक. त्याची लांबी 12.09 मीटर. समजा एका फोटोत कॅमेऱ्याला आडवं उभं असलेलं सी हॉक 30 मिमी भरलं आणि त्याच्या शेजारची मोबाइल क्रेन 18 मिमी उंच निघाली. 12.09 भागिले 30, म्हणजे फोटोतल्या 1 मिमीला 0.403 मीटर. क्रेन झाली 7.25 मीटर, आणि 1:350 मध्ये, म्हणजे खऱ्याच्या साडेतीनशेव्या भागाच्या मॉडेलमध्ये, 20.7 मिमी. एवढ्यावर थांबू नका. दुसऱ्या कोनातून घेतलेल्या फोटोवरून तेच माप पुन्हा काढा. दोन्हींत पाच टक्क्यांपेक्षा जास्त फरक पडला तर एका फोटोत विमान जवळ आणि क्रेन लांब आहे, किंवा विमान तिरकं उभं आहे. डेकवर माणसं असतील तर तिसरा पुरावा मिळतो, पण माणूस वाकलेला असतो, टोपी घातलेला असतो, म्हणून त्याच्यावर शेवटीच विसंबा. एक वही फक्त या मापांसाठी ठेवा आणि प्रत्येक मापापुढे कोणत्या फोटोवरून काढलं ते लिहा. सहा महिन्यांनी तुम्हीच विचारणार आहात की हा आकडा आला कुठून.

आणि तुमच्याकडे एक पुरावा असा आहे की जो कुठल्याही संग्रहालयात मिळणार नाही: मामा. त्यांच्याशी बोलताना मात्र पद्धत हवी. "मामा, डेकचा रंग कसा होता?" असं विचारलंत तर ते 'करडा' म्हणतील आणि विषय संपेल. रंगाची आठवण पन्नास वर्षांत मऊ होते. हातापायांची आठवण टिकते. त्यांची कामाची जागा कुठे होती, तिथे जायला किती पायऱ्या चढायचे, डोकं कशाला आपटायचं, ऊन कुठून यायचं, कुठल्या दारातून बाहेर पडल्यावर समोर काय दिसायचं, हे विचारा. कागदावर आयलंडची साधी रेघांची आकृती काढून पेन त्यांच्या हातात द्या. माझ्या ओळखीचे एक निवृत्त नौसैनिक पूर्ण जहाजाबद्दल अगदी मोघम बोलायचे, पण आपल्या तोफेच्या कठड्यात दारूगोळ्याचे कप्पे कुठे होते ते त्यांनी डोळे मिटून काढून दाखवलं, आणि पुढे एका फोटोत तंतोतंत तसंच दिसलं. मामांच्या जागेचा तो एक कोपरा जगातल्या कुठल्याही विक्रांतच्या मॉडेलपेक्षा तुमचा अचूक होईल. तिथे जीव ओता.

स्केलचं थोडक्यात. विक्रांतची लांबी 700 फूट, म्हणजे 213 मीटरच्या थोडी वर. 1:350 मध्ये बरोबर दोन फूट, 1:700 मध्ये बरोबर एक फूट. इतका गोल हिशोब क्वचित मिळतो. 1:72 मध्ये करायची म्हटलं तर दहा फुटांना जरा कमी, म्हणजे घरातला एक माणूस बाहेर झोपायला हवा. 1:700 मध्ये सी हॉक 17 मिमीचं होतं आणि त्यावर नौदलाची चिन्हं बसवणं म्हणजे डोळ्यांवर अत्याचार. 1:350 घ्या. त्यात माणूस पाच मिमीला जरा कमी, सी हॉक साडेचौतीस मिमी, अलिझेचे पंख साडेचव्वेचाळीस मिमी. तपशील दिसतो आणि पेटी कपाटावर मावते.

1:350 मध्ये तुमचा मुख्य शत्रू जाडी. किटमधल्या प्लास्टिकची भिंत 1 मिमी जाड असली तर खऱ्या जहाजावर ती 35 सेंटिमीटरची झाली. तोफांचे कठडे, आयलंडवरच्या वाऱ्याच्या आडभिंती, सज्ज्यांच्या कडा यांचं खरं पोलाद काही मिलिमीटरचंच होतं. म्हणून जिथे कड दिसते तिथे किटचा भाग कापून पातळ पितळी पत्रा किंवा अगदी पातळ स्टायरिन शीट लावा. सगळीकडे करायची गरज नाही. जिथे कड वरून दिसते तिथेच. मागून कड तासून धारदार केली तरी नजर फसते. वॉटर पेपर, धारदार ब्लेड आणि वेळ, एवढंच लागतं. हत्यारं मुंबईत मिळतात तशी कुठेच मिळत नाहीत. नागदेवी स्ट्रीटला हातड्रिल, व्हाइस आणि कानसी, आणि झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत सोनारकामाचं सामान: बारीक करवतीची पाती, अर्ध्या मिमीखालची ड्रिल बिट्स, टोकदार चिमटे, डोळ्याला लावायचं भिंग. मॉडेलवाल्यांसाठी म्हणून परदेशातून येणाऱ्या सामानापेक्षा सोनाराचा चिमटा कैक पटींनी सरस.

रेलिंगबद्दल एक गोष्ट जोर देऊन सांगतो. फोटो-एचचं, म्हणजे पातळ पत्र्यावर रसायनाने कोरून काढलेलं, रेलिंग आणलं की ते सगळीकडे लावावंसं वाटतं, आणि लोक फ्लाइट डेकच्या काठानेही लावून मोकळे होतात. विमानवाहू जहाजाच्या फ्लाइट डेकला कठडा नसतो. विमानाचा पंख काठाबाहेर जातो, कठडा असेल तर तो आपटेल. डेकच्या काठाखाली, एक पायरी उतरून, अरुंद गॅलरी असते, आणि जिथे ती नसते तिथे बाहेर झुकलेली जाळी. नौसैनिक वाकून त्या गॅलरीत उभे राहतात, म्हणून फोटोत डेकच्या काठावर नुसती डोकी दिसतात. ही गॅलरी नीट झाली तर पाहणाऱ्याला हे विमानवाहू जहाज आहे असं पहिल्या नजरेत पटतं.

डेकच्या काठालाच जाळीदार रेडिओ डोलकाठ्या असतात, बिजागरीवरच्या. बंदरात किंवा विमानं उडत नसताना त्या उभ्या. विमानं उडायला लागली की बाहेरच्या बाजूला आडव्या पाडलेल्या. म्हणजे बघा, कॅटापल्टवर सी हॉक ताणून उभं आहे आणि डोलकाठ्याही उभ्या, असं दाखवलंत तर मामा एका सेकंदात बोट ठेवतील. दिवस ठरवला तसा क्षणही ठरवावा लागतो तो यासाठी. उड्डाणाचा क्षण असेल तर: डोलकाठ्या आडव्या, दोन्ही लिफ्ट डेकच्या पातळीत, उडायच्या रांगेतली विमानं मागे, जहाज वाऱ्याच्या तोंडाला, त्यामुळे ध्वज आणि चिमणीचा धूर सरळ मागे. उतरण्याचा क्षण असेल तर उलट: मागचा तिरपा भाग मोकळा, उतरणारं विमान अडवणाऱ्या अरेस्टर वायर ताणलेल्या, विमानं पंख मिटून पुढे दाटीने उभी.

समुद्र करताना एका गोष्टीचा विसर पडू देऊ नका. विक्रांतचा मूळ वेग 25 नॉटच्या घरात, पण 1971 मध्ये तिच्या बॉयलरला तडे गेलेले होते आणि वेगावर मर्यादा घालूनच ती लढाईला उतरली. नाळेपुढे फेसाचा मोठा फणा आणि मागे उसळणारं पाणी दाखवाल तर चित्र देखणं होईल आणि खोटं होईल. कमी वेग, कमी वारा, अशा डेकवरून त्या वैमानिकांनी बॉम्ब लावलेली विमानं उडवली हेच तर त्या मोहिमेचं मोठेपण आहे. शांत, जवळजवळ सपाट पाणी आणि नाळेशी बारीक पांढरी रेघ, एवढंच ठेवा.

आता विमानं. सी हॉक इतकं सुरेख आहे की त्याला न्याय द्यायलाच हवा. त्याची खास खूण म्हणजे इंजिनाचा झोत: बहुतेक जेट विमानांचा झोत शेपटीतून बाहेर पडतो, सी हॉकचा दुभंगून पंखांच्या मागच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर येतो. हवा आत घेणारी तोंडंही पंखांच्या मुळाशीच. छोट्या स्केलमध्ये ही चारही भोकं नुसती काळी रंगवलेली असतात. अर्ध्या मिमीच्या ड्रिलने ती खरोखर खोल करा, तेवढ्यानेच विमान जिवंत होतं. 1:72 किंवा 1:48 मध्ये करणार असाल तर नाकात शिशाचे छर्रे भरायला विसरू नका, नाही तर पुढचं चाक हवेत राहील. पंख मिटलेले दाखवायचे तर किटच्या पंखावर घडीची रेष आखलेली असते तिथे कापून आतल्या फासळ्या आणि बिजागऱ्या दाखवाव्या लागतात.

शेपूट मात्र तपासून घ्या. भारताने सी हॉक ब्रिटनकडून घेतली आणि पुढे पश्चिम जर्मनीच्या नौदलाची वापरलेलीही घेतली. जर्मन प्रकाराचं उभं शेपूट जास्त उंच होतं. म्हणजे भारतीय ताफ्यात दोन्ही उंचींची शेपटं होती. तुम्ही ज्या क्रमांकाचं विमान करताय त्या क्रमांकाचा फोटो पाहूनच शेपूट ठरवा. किटमध्ये आलं ते लावलं असं चालणार नाही. रंग ब्रिटिश नौदलाच्याच पठडीतला: वर गडद समुद्री करडा, खाली 'स्काय', म्हणजे फिकट, किंचित हिरवट. भारतीय गोल चिन्हात केशरी कडं बाहेर आणि हिरवा ठिपका आत. हे उलटं लावलेलं मी चांगल्या चांगल्या मॉडेलवर पाहिलंय. सी हॉक 300 क्रमांकाच्या तुकडीची, जिचं नाव 'व्हाइट टायगर्स'. अलिझे 310 ची, 'कोब्राज'. अलिझे पाणबुडी शोधणारं तीन माणसांचं टर्बोप्रॉप विमान, पोटात खाली सरकणारा रडारचा घुमट असलेलं. डेकवर उभं असताना हा घुमट आत असतो, हवेत शोध घेताना बाहेर. किटच्या डब्यावरच्या चित्रात तो बाहेर दिसतो म्हणून डेकवर उभ्या विमानालाही बाहेर लावायचा नाही.

खरी विमानं पाहायची असतील तर संध्याकाळची कोकण रेल्वे पकडा. वास्कोजवळ बोगमाळोला नौदलाचं विमान संग्रहालय आहे, तिथे सी हॉक आणि अलिझे दोन्ही उभी आहेत. पन्नास फोटो काढा, पण विमानाच्या सगळ्या बाजूंनी लांबून काढलेल्या देखण्या फोटोंत वेळ घालवू नका. चाकांच्या खोबणी, बिजागऱ्या, हूक, झोताची तोंडं, पोटाखालचा भाग, म्हणजे ज्याचे फोटो कुणी काढत नाही ते काढा. प्रत्येक फोटोत एक फूटपट्टी दिसू द्या. त्या विमानांचे रंग मात्र प्रमाण धरू नका. उघड्यावर, समुद्राच्या काठी उभ्या विमानांना वेळोवेळी रंग दिला जातो आणि तो ज्याला जसा मिळेल तसा असतो.

ध्वज हा इतका छोटा भाग की लोक शेवटच्या रात्री लावतात, आणि तिथेच घसरतात. 1971 ला नौदलाचा ध्वज पांढरा, त्यावर लाल क्रॉस, आणि वरच्या कोपऱ्यात तिरंगा. मध्यभागी अशोकस्तंभाचं चिन्ह आलं ते 2004 मध्ये. छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेला अष्टकोन असलेला आजचा ध्वज 2 सप्टेंबर 2022 चा, नवी विक्रांत दाखल झाली त्याच दिवसाचा. तो ध्वज आपल्याला प्रिय आहे, अभिमानाचा आहे, आणि म्हणूनच तो जुन्या विक्रांतवर लावण्याचा मोह होतो. तुमच्या मामांनी सलामी दिली ती लाल क्रॉसच्या ध्वजाला. तोच लावा.

रंगकामाबद्दल मुंबईकराला एवढंच सांगतो: जून ते सप्टेंबर एअरब्रशने लॅकर मारू नका. हवेतलं बाष्प ओल्या थरावर बसतं आणि रंग पांढुरका पडतो, विशेषतः क्लिअर कोट. ते चार महिने कापणं, चिकटवणं, पितळी काम यांत घालवा आणि नवरात्रानंतर रंगाला बसा. कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप हवाच, तो बारा महिने. पितळी तुकडे खाऱ्या हवेत लवकर काळवंडतात, तेव्हा ते लावले त्याच आठवड्यात प्रायमर मारा. दोऱ्यांसाठी सुती धागा वापरू नका. दमट हवेत तो ओढला जातो आणि कोरड्यात सैल पडतो, दोन पावसाळ्यांत डोलकाठी वाकडी होते. पॉलिएस्टरचा एकेरी तंतू किंवा गरम करून ओढलेला किटचा स्प्रू, म्हणजे तुकडे जिला जोडलेले येतात ती प्लास्टिकची काडी, वापरा. करडा रंग डब्यातून थेट लावू नका. दोन फुटांचं जहाज आपण हातभर अंतरावरून पाहतो, खरं जहाज तेवढं दिसायला शेकडो फूट दूर असावं लागतं आणि मधली हवा रंग फिका करते. थोडा पांढरा मिसळून घ्या. गंज हात आखडता घेऊन दाखवा. संग्रहालयातल्या विक्रांतवर गंजाचे ओघळ होते, लढाईवरच्या जहाजावर रंगाचा ब्रश रोज फिरत असतो.

3D प्रिंटिंगने बोफोर्स तोफा आणि छोटी यंत्रं झकास निघतात, जरूर करून घ्या. फक्त फाइल आयती उतरवलेली असेल तर छापण्याआधी तुमच्या वहीतल्या मापांशी ताडून बघा. ज्याने ती केली त्याची चूक शंभर मॉडेलांत जाते.

पेटी काचेची किंवा ॲक्रिलिकची करा आणि पाया एमडीएफचा नको. एमडीएफ, काही प्लायवूड आणि आंबूस वासाचं सिलिकॉन यांतून आम्लाची वाफ निघत राहते. बंद पेटीत ती शिशाच्या भागांना खाते, त्यांच्यावर पांढरी पूड धरते. जुन्या मॉडेलांचे नांगर आणि तोफा अशाच संपल्या आहेत. सिलिकॉन घेताना दुकानदाराकडे 'न्यूट्रल' मागा, आणि पेटीला दोन बारीक भोकं ठेवा म्हणजे आतली हवा बदलत राहते.

आता शेवटचा प्रश्न: पहिलंच मॉडेल विक्रांत झेपेल का? नाही, आणि घाईही करू नका. तुम्हाला 1971 चंच करायचंय ना, मग त्याच आठवड्यातलं छोटं जहाज घ्या. 4 डिसेंबरच्या रात्री कराचीवर हल्ला केला त्या निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौका. सोव्हिएत ओसा वर्गाच्या, लांबी जेमतेम 39 मीटर, 1:350 मध्ये अकरा सेंटिमीटर. हल साधा, आयलंड नाही, विमानं नाहीत, चार लाँचर, पुढे-मागे दोन दुहेरी तोफा आणि एक डोलकाठी. मोजमाप, पातळ कडा, रेलिंग, रंग, पाणी, सगळं शिकून होईल आणि मामांना दाखवायला काहीतरी लवकर हातात येईल. पण इथेही साल बघा. ओसाचे दोन प्रकार आहेत. पहिल्या प्रकाराचे लाँचर चौकोनी खोक्यासारखे, दुसऱ्याचे नळकांड्यासारखे गोल. गोल लाँचरच्या नौका आपल्याकडे युद्धानंतर काही वर्षांनी आल्या. शिवाय निपात, निर्घात आणि वीर ही तिन्ही नावं 1980 च्या दशकाच्या अखेरीस दुसऱ्या, मोठ्या नौकांना पुन्हा दिली गेली, आणि शोधायला गेलात की आधी त्याच दिसतील. किट घ्यायला जाल तेव्हा डब्यावरचं नाव वाचू नका, झाकण उघडून लाँचरचे तुकडे बघा. चौकोनी असतील तरच घ्या.